कोणतं ग्रीस, कुठं, किती

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या कंपनीतल्या स्टोअरवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. जेवायला जुनी मंडळी एका टेबलाभोवती जमली, आणि जमली की निघतो तसा मॅडमचा किस्सा निघाला. सेल्समधला एकजण हातवारे करून सांगत होता. मॅडम कशा चालत आल्या, मालकांचा चेहरा कसा पडला, सगळं. शेवटी म्हणाला, "सनकी थी यार, पर मजा आता था." टेबलभर हसू पसरलं. मी ताट अर्ध्यावर ठेवून उठले, नवरीला पाकीट दिलं आणि घरी आले. त्या हसण्याचा राग अजून उतरलेला नाही. शिवाय तो किस्सा त्यांना धड माहीतही नाही. म्हणून लिहायला बसले.

मॅडम सनकी नव्हत्या असं मी म्हणणार नाही. पुरेपूर होत्या.

इंदूरला अन्नपूर्णा भागात त्यांच्या घरी कोणी दुचाकीवरून आलं की "या, बसा" नंतर. आधी त्या पायऱ्या उतरून फाटकापाशी जायच्या, वाकायच्या, आणि पाहुण्याच्या पुढच्या चाकातल्या डिस्कला हाताची पाठ लावून बघायच्या. पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघतात तशा. डिस्क कोमट असली तर पाहुण्याला पाणी मिळायचं. चटका बसला तर आधी बोलणी. ब्रेक न दाबताही डिस्क तापत असेल तर त्याचा अर्थ एकच, पॅड डिस्कला सोडत नाहीये. आज तापतेय, उद्या चाक जागच्या जागी धरून ठेवेल. हे त्या नणंदेच्या यजमानांना, ते मुलाच्या साखरपुड्याचं आमंत्रण घेऊन आलेले असताना, फाटकातच उभं करून सांगत होत्या. वर म्हणाल्या, "ही गाडी इथंच राहील. तुम्ही रिक्षाने जा." आणि किल्ली काढून घेतली. साखरपुड्यात त्यांच्याशी कोणी बोललं नाही. मॅडमना ते कळलंही नसावं, कारण त्या हॉलच्या पार्किंगमध्ये होत्या.

एप्रिलमध्ये जयंतीला त्या दरवर्षी महूला जायच्या. माहेर तिथलंच. वडील फौजेत, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. त्या एवढ्या गर्दीत, लोक दर्शनाच्या रांगेत उभे असताना, ही बाई पांढऱ्या साडीत रस्त्याकडेच्या मोटारसायकलींपाशी वाकत वाकत चालायची. एका वर्षी मी बरोबर होते. एका पोलिसाने हटकलं, "मैडम, क्या कर रहे हो?" मॅडम म्हणाल्या, "तुमची गाडी कोणती?" त्याने दाखवली. ती बघून त्याला असं काही झापलं की तो बिचारा सॅल्यूट करून बसला.

आमची कंपनी सांवेर रोडला होती. ब्रेकमधले रबराचे सील बनवायची आणि दुरुस्तीचे किट विकायची. किट म्हणजे एक छोटी डबी. तिच्यात सील, धूळ आत जाऊ नये म्हणून रबराची टोपी आणि ग्रीसचं एक पाउच. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जो धातूचा भाग असतो त्याला कॅलिपर म्हणतात. तो खोलला की हे किट लागतं. मॅडम आमच्या लॅबच्या प्रमुख. रसायनशास्त्रातल्या एमएस्सी, आणि रबरावर इतकी वर्षं काम केलेल्या की सील दातांखाली धरून सांगायच्या, भट्टीत कमी भाजलाय की जास्त.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. माझी पदवी वगैरे काही विचारलं नाही.

"कॅलिपरला काय लावतात?"

"ग्रीस," मी म्हणाले.

"कोणतं? कुठं? किती?"

मी म्हणाले, मला माहीत नाही.

"बरं झालं. उद्यापासून ये. काल एक इंजिनिअर आला होता, तो इथं बसल्या बसल्या सगळीकडे चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस चोपडून गेला."

ते तीन प्रश्न मी पुढे हजारदा ऐकले. पुरवठादाराला, ड्रायव्हरला, चहावाल्याला, कोणालाही. "मॅडम, ग्रीस लगा दिया" असं कोणी म्हणालं की संपलंच. आतल्या रबराला एरंडेल तेलापासून केलेलं लाल ग्रीस, तेही बोट फिरवल्याइतकं. ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्यांना सिलिकोनचं. पॅडच्या पाठीला उष्णता सोसणारं, नखावर राहील एवढं. आणि पॅडच्या पुढच्या बाजूला काही लावलंस तर हात तोडीन. हे सगळं एका दमात. वर ठरलेलं वाक्य, "चिकटतंय म्हणून तेल ओतायचं, ही पराठ्याची अक्कल झाली."

त्या प्रेमळ नव्हत्या. वरून कडक, आतून गोड अशा माणसांच्या गोष्टी लोक सांगतात. तसं काही नव्हतं. आतूनही कडकच होत्या. एकदा लॅबमधल्या मुलीने एका डब्यातला चमचा दुसऱ्या डब्यात घातला. मॅडमनी तो भरलेला डबा उचलून कचऱ्यात टाकला, आणि त्या मुलीला दिवसभर त्या कचऱ्याच्या पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसवलं. ती रडली. मीही एकदोनदा रडले आहे. मी त्यांना म्हणालेही, "मॅडम, जरा हळू बोललात तरी आम्हाला समजतं." त्या म्हणाल्या, "तुला समजतं ग. पण हळू बोललं की बाकीचे त्याला सल्ला समजतात." याचा मला तेव्हा राग आला होता. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. त्या मुलीचा काय दोष होता? पण पुढे जे झालं ते बघता, जोरात बोलूनही कोणी ऐकलं नाही, हेही खरं.

पुढे झालं असं, की एके दिवशी पाउच बदललं. रंग तसाच लाल होता, छपाई तीच. मी पन्नास बघितली असती तरी मला कळलं नसतं. मॅडमनी एक फाडलं, वास घेतला आणि खुर्चीतून उठल्या.

"हे पेट्रोल पंपाचं आहे. एरंडेल कुठंय यात?"

खरेदी विभागाने स्वस्तातलं, खनिज तेलाचं साधं ग्रीस आणून त्यात लाल रंग कालवला होता. यंत्राच्या बेअरिंगला ते चांगलंच. पण ब्रेकमधल्या रबराला ते लागलं की रबर ते पितं आणि फुगतं. फुगलेला सील पॅड ढकलणाऱ्या पिस्टनला आवळून धरतो, पिस्टन मागे येत नाही, पॅड डिस्कला सोडत नाही. आम्ही आमचेच सील त्या पाउचमधल्या ग्रीसमध्ये बुडवून गरम कपाटात ठेवले. बाहेर काढले तेव्हा ते पावसात राहिलेल्या वाटाण्यासारखे झाले होते. खाचेत बसेनात.

रिपोर्ट गेला. उत्तर नाही. दुसरा गेला. तिसरा मॅडम स्वतः घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेल्या आणि मला बरोबर नेलं, फुगलेल्या सीलची बाटली धरायला. मालक आमच्याशी कायम गोड. त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "मैडमजी, फूल गया तो अच्छा ही है ना. लीक तो नहीं करेगा."

मॅडम म्हणाल्या, "लीक नहीं करेगा सर. छोड़ेगा ही नहीं."

"देखते हैं," मालक म्हणाले, आणि आम्हाला चहा विचारला.

बाहेर आल्यावर मॅडम व्हरांड्यात इतक्या मोठ्याने बोलल्या की मशीनवरची माणसं थांबली. सेल्सवाले काचेतून बघत होते, हसत होते. त्यांच्यातलाच एकजण त्या लग्नात हातवारे करत होता.

मग एक नर्स आली.

देवासहून आली होती, कंपनीच्या फाटकावर, डावा हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला. तिच्या स्कूटरच्या मेकॅनिकने आमचं किट बसवलं होतं. बायपासवर पुढचं चाक जाम झालं आणि ती रस्त्यावर आपटली. मागून येणारा ट्रक बाजूने गेला म्हणून ती आमच्या फाटकापर्यंत पोचू शकली. मेकॅनिकने काढलेला सील तिने पिशवीत घालून आणला होता. भांडत नव्हती. फक्त विचारत होती की हे असं का झालं. सेल्समधून एकजण खाली गेला, तिची विचारपूस केली, लिंबूपाणी मागवलं, आणि कंपनीतर्फे म्हणून तिच्या हातात एक नवं किट ठेवलं. फुकट. तेच किट. तेच पाउच आत.

मॅडम लॅबच्या खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी ते किट तिच्या हातात जाताना बघितलं आणि ॲप्रनसकट धावत सुटल्या. त्यांचं वय, त्यांचा गुडघा, जिना, काही बघितलं नाही. मी मागे. फाटकावर पोचून त्यांनी त्या बाईच्या हातून डबी घेतली, फोडली, पाउच काढून मुठीत धरलं आणि बाकीचं परत दिलं.

"हे लावायचं नाही. सील चांगला आहे, तो बसवा. ग्रीस मी देते." मग माझ्याकडे वळून, "लाल डबा आण. आपला."

मी लॅबमधून लहान बाटलीत ग्रीस भरून आणेपर्यंत मॅडम तिच्यासमोर नुसत्या उभ्या होत्या. ती नर्स गोंधळली होती. तिने विचारलं, "मैडम, आप कौन हैं यहाँ?"

"जाँच का काम मेरा है," मॅडम म्हणाल्या. "माफी माँगती हूँ. कंपनी की तरफ से नहीं, उनकी वो जानें. मेरी तरफ से."

त्या दिवशी संध्याकाळी मालकांनी मॅडमना बोलावून समजावलं. फाटकावर उभं राहून कंपनीची बदनामी करणं बरं नाही, आपण सगळे एक परिवार आहोत, वगैरे. त्या नर्सचं पुढे काय करायचं, यावर एक शब्द नाही. मॅडम परत येऊन टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "परिवार म्हणे. परिवारातल्या माणसाला देतील का हे पाउच?"

हे त्यांनी नुसतं रागाने विचारलं होतं. उत्तर इतक्या लवकर येईल असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं.

मालकांना जुन्या मोटारसायकलींचा शौक. एका पडक्या गोदामातून त्यांनी एक जपानी गाडी मिळवली होती, चार सिलिंडरची, माझ्या जन्माच्याही आधीची. रंगरंगोटी झाली, क्रोम चकाकलं, पण पुढचा ब्रेक गंजून दगड झाला होता. अशा जुन्या गाड्यांचे ब्रेक मालक नेहमी मॅडमकडेच पाठवायचे. इंदूरभर फिरले असते तरी त्यांचा दुसऱ्या कोणाच्या हातावर भरवसा नव्हता. मॅडमनाही ते काम आवडायचं. रविवारी पोर्चमध्ये सतरंजी टाकून त्या बसायच्या, त्यांचे यजमान आतून चहा आणून द्यायचे आणि लांब जाऊन पेपर वाचायचे. मीही जायचे, कारण तिथं शिकायला मिळायचं ते लॅबमध्ये मिळत नव्हतं.

या वेळी मॅडम नाहीच म्हणणार होत्या. पण त्याआधीच ड्रायव्हर टेम्पोतून गाडी घेऊन फाटकाशी आला. गाडी उतरवली, आमच्याच कंपनीची किटची डबी मॅडमच्या हातात दिली, आणि वर एक वेगळा डबा. परदेशी, सीलबंद, अस्सल लाल रबर ग्रीस.

"सर ने बोला है, यही लगाना," ड्रायव्हर म्हणाला. "किट वाला नहीं."

"क्या बोला?" मॅडमनी विचारलं.

"किट वाला पाउच नहीं लगाना. ये वाला लगाना."

मॅडमनी त्याला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तो बिचारा घाबरून तेच पुन्हा बोलला आणि निघून गेला. मॅडम पायरीवर बसल्या, तो डबा मांडीवर घेऊन. त्यांचा राग कायम आवाजात असायचा. त्या दिवशी आवाजच आला नाही, आणि मला त्यांची पहिल्यांदाच भीती वाटली.

म्हणजे मालकांना सगळं माहीत होतं. तिन्ही रिपोर्ट वाचले होते, नीट वाचले होते, समजलेही होते. देवासच्या नर्सला तेच पाउच, आणि स्वतःच्या गाडीला परदेशातून मागवलेला डबा. न कळणाऱ्या माणसाचा राग येतो आणि जातो. हा कळणारा माणूस होता.

बऱ्याच वेळाने मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "पाना दे."

त्या दिवशी आम्ही कॅलिपर काढला. हवेच्या दाबाने पिस्टन बाहेर ढकलला, तो आधी हलेचना, मग चिंधीत धप्पकन येऊन पडला. खाचेत वर्षानुवर्षांचा पांढरा गंज साचला होता. मॅडमनी तो लाकडी काडीने खरवडला, कारण लोखंडी हत्याराने खाच ओरखडते. सरकत्या पिना काळ्याठिक्कर होत्या. त्यावर पूर्वी कोणी काय काय थापलं होतं ते मॅडम वासावरून सांगत होत्या, आणि प्रत्येकाला शिव्या देत होत्या. पण रोजच्यासारखं त्यात त्यांचं मन नव्हतं. संध्याकाळी सगळं स्वच्छ होऊन सतरंजीवर मांडलेलं होतं. मी सील उचलला, तर म्हणाल्या, "ठेव. बसवायचं मी बघते. तू जा."

पुढच्या रविवारी सकाळी जुन्या गाड्यांची मंडळी आमच्या कंपनीच्या आवारातून सैरीला निघणार होती. मालकांनी त्याचं निमित्त करून उज्जैन, देवास, रतलामच्या डीलरांनाही बोलावलं होतं. पोहे, जलेबी, फोटोग्राफर. आम्हा स्टाफलाही यायला सांगितलं होतं, टाळ्या वाजवायला. मालक चामड्याचं जॅकेट घालून गाडीवर बसले, हेल्मेट चढवलं. गाडी सुंदर दिसत होती, हे कबूल करायला हवं.

मॅडम सुती साडी आणि बूट अशा वेशात गर्दीतून पुढे आल्या. पर्समधून एक पाउच काढलं, फाडलेलं, रिकामं. ते त्यांनी चकाकणाऱ्या पेट्रोलच्या टाकीवर, मालकांच्या समोर ठेवलं.

"सर, ब्रेक में अपना ही किट लगाया है. सील अपनी, ग्रीस भी अपना. यही पाउच. अब आप चलाइए."

मालक हसले. आजूबाजूला बघून म्हणाले, "मैडम मजाक कर रही हैं."

"मजाक नहीं है सर. हजारों लोग चला रहे हैं. आप भी चलाइए."

मी मालकांच्या हाताकडे बघत होते. उजव्या हाताची बोटं ब्रेकच्या लिव्हरवर होती. ती त्यांनी एकेक करून उचलली, जणू लिव्हर तापली होती. डीलर मंडळी पोह्यांच्या पत्रावळ्या हातात धरून उभी होती, आणि त्या सगळ्यांना ते पाउच ओळखू येत होतं. रोज तेच विकत होते.

मालक खाली उतरले. "क्लच में कुछ प्रॉब्लम लग रही है," असं काहीतरी म्हणाले, आणि सैरीला कारने गेले. उज्जैनच्या एका डीलरने टाकीवरचं ते पाउच उचललं, उलटसुलट बघितलं आणि घडी करून खिशात घातलं.

सोमवारी मॅडमचा राजीनामा टाइप होऊन तयार होता, कारण घरगुती, असं छापलेलं. मॅडमनी ते खोडलं, वर पेनने 'ग्रीस' एवढंच लिहिलं आणि सही केली.

लग्नातला किस्सा इथं संपतो. सनकी मॅडमनी सेठच्या गाडीत खराब ग्रीस भरलं, सेठची फाटली, हा हा हा.

मी कंपनीत राहिले होते, त्यामुळे पुढचं मला दिसलं. डीलरांकडून किटचे खोके परत यायला लागले. आधी उज्जैनहून, मग इतर ठिकाणांहून. खरेदी विभागात धावपळ झाली. आणि एके दिवशी पाउच पुन्हा बदललं. मी एक फाडून वास घेतला. एरंडेल. रंग तोच, छपाई तीच, कुठेही एक शब्द नाही की आधीचं चुकीचं होतं. दुकानादुकानांत पडून राहिलेली जुनी किटं परत मागवा, असं मी लिहून दिलं. त्यावर कोणी सही केली नाही. ती विकली गेली, कुठे कुठे बसवली गेली. कोणाच्या गाडीत, कोणी मोजलं नाही.

पण पाउच बदललं होतं, आणि मी त्या आनंदात होते. त्याच संध्याकाळी नवं पाउच घेऊन अन्नपूर्णाला गेले. मॅडमनी नेहमीप्रमाणे आधी माझ्या गाडीची डिस्क तपासली. मी पाउच पुढे केलं. त्यांनी वास घेतला, मान हलवली.

"मॅडम, तुम्ही जिंकलात," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी एक पायरी खाली उतरले.

"काय जिंकले? मी खोटं बोलले त्या दिवशी."

मला कळलं नाही.

"त्याच्या गाडीत लाल ग्रीसच आहे. त्याने पाठवलेलं. सील बसवले, टोपीला बोट फिरवलं, पिनांना सिलिकोन, सगळं नीट. ते रिकामं पाउच लॅबच्या कचऱ्यातून आणलं होतं."

"पण का? त्या माणसाला—"

"का म्हणजे?" आता आवाज लागला. समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. "ब्रेक आहे तो. त्याच्यावर माणूस बसणार. कोण बसणार ते बघून ग्रीस लावायचं असतं का? मग त्याच्यात आणि माझ्यात काय राहिलं? मी घेतलं होतं किटमधलं पाउच हातात. फाडलंसुद्धा. नाही लावता आलं. रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या, पण हात जाईना."

मॅडम पायरीवर बसल्या.

"तीन रिपोर्ट दिले. खरे. मोजून, मापून, सही करून. कोणी हललं नाही. त्या पोरीचा हात मोडला, तरी नाही. आणि मी एकदा खोटं बोलले, तर सगळी कंपनी हलली. याचा आनंद कसला करायचा, तू सांग मला."

मी सांगू शकले नाही. अजूनही सांगू शकत नाही. लग्नात त्या टेबलावर ताट ठेवून उठले ती यासाठी. ज्यांना हसू येतं, त्यांनी एकदा येऊन हे मला समजावून सांगावं.

या प्रकरणात आणखी एकच गोष्ट सांगायची राहिली. काही आठवड्यांनी मालकांनी तो ब्रेक दुसऱ्या एका मेकॅनिककडून खोलून घेतला. आत सील जसेच्या तसे, नवेकोरे. मेकॅनिकने सांगितलं की माल अस्सल आहे, काम बढिया आहे. त्यानंतर मालकांचा मॅडमना फोन आला. मी तिथंच होते. यजमानांनी फोन मॅडमच्या हातात दिला, आणि त्यांना कानाला धरून बोलायची सवय नाही म्हणून स्पीकरवर लावला.

मालक गोडच बोलत होते. झालं गेलं विसरू या. लॅब तुमच्याशिवाय सुनी आहे. उद्यापासून या.



"और सच कहूँ मैडमजी," मालक म्हणाले, "मुझे तो उसी दिन पता था. आप ऐसा काम कर ही नहीं सकतीं. किसी के साथ भी."

"पता था?"

"बिल्कुल पता था."

"तो फिर चलाई क्यों नहीं?"

मॅडमचा आवाज चढलेला नव्हता. टोमणा मारायचा म्हणून विचारलं नव्हतं. लॅबमध्ये एखादं माप जुळलं नाही की त्या विचारायच्या, तसं विचारलं होतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या फोन हातात धरून, मान जरा पुढे करून थांबल्या. यजमानांनी पेपर खाली ठेवला. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला, तरी मॅडम तशाच उभ्या होत्या, उत्तराची वाट बघत.